गोधडी पुरी कुणी केली?

मराठीत गोधडीवर लिहायचे तर पहिल्या परिच्छेदात ‘ऊब’ आणि दुसऱ्यात ‘माया’ आलीच पाहिजे, असा एक अलिखित दंडक आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकातील कवितेपासून दिवाळी अंकातील ललित लेखापर्यंत तो निष्ठेने पाळला जातो. आईचे जुने लुगडे, त्याची गोधडी, टाक्याटाक्यातले वात्सल्य आणि अखेरीस, आई गेल्यावर, त्या गोधडीत तोंड खुपसून रडणारा, शहरात स्थिरावलेला मुलगा. एवढ्या सामग्रीवर आपल्याकडे किती पाने छापली गेली असतील याची गणती नाही. या साऱ्या लेखनातली गोधडी नेहमी पुरी झालेली असते. ती शिवताना कुणी कंटाळत नाही, कुणाच्या बोटात सुई घुसत नाही, कुणाचे डोळे दुखत नाहीत. आणि शिवणारीलाच आपण काय शिवत आहोत याचा विसर पडला आहे, असे तर कधीच घडत नाही.

आमच्या घरी अपुऱ्या गोधड्या तीन होत्या आणि त्या शिवायला घेणाऱ्या आमच्या आईची स्मृती जात चालली होती. त्या पुऱ्या करण्याच्या कामी गेल्या काही वर्षांत आम्ही जे केले त्यातले थोडे बरोबर आणि पुष्कळसे चूक होते. चुकण्याला आमचा उतावळा स्वभाव कारणीभूत होता हे खरेच. परंतु मराठी साहित्याच्या अध्ययन-अध्यापनाने आम्हाला लावलेली काही वळणेही त्यामागे होती, असे आमचे मत झाले आहे. प्रस्तुत लेख त्या वळणांविरुद्ध आहे.

येथे ‘आम्ही’ हे संपादकीय बहुवचन नव्हे. आम्ही तीन भावंडे आहोत. दोघे परगावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तिसरे चौल आणि रेवदंडा यांच्या मधल्या आमच्या वाडीत आईपाशी राहते, म्हणजे प्रत्यक्ष काम करते. या लेखाचा खर्डा त्या तिसऱ्याने वाचला आहे, त्यातले दोन परिच्छेद ‘हे तुम्ही दोघे वर्गात बोलता तसे झाले’ असे म्हणून काढायला लावले आहेत, आणि उरलेल्यास संमती दिली आहे.

आधी त्या ‘ऊबे’चा निकाल लावू. रायगडच्या किनाऱ्यावर थंडी अशी पडतेच किती? पौषातल्या काही पहाटा सोडल्या तर अंगावर जाड पांघरूण घेण्याचे दिवस आमच्याकडे बोटांवर मोजता येतात. मे महिन्यात, आगोटीच्या तोंडावर, हवा अंगाला चिकटत असताना ज्या समीक्षकांना गोधडीची ऊब हवी असेल त्यांनी अवश्य आमच्याकडे मुक्कामाला यावे. अष्टागरात गोधडी मुख्यतः खाली अंथरायची वस्तू. पावसाळ्यात शेणाने सारवलेल्या जमिनीला जी ओल येते ती अंगात जाऊ नये म्हणून माणूस आणि भुई यांच्यामध्ये घातलेले कापडाचे पाच-सहा थर, एवढा तिचा अर्थ. बाळंतिणीच्या खोलीत, आजाऱ्याच्या बाजेवर, पाहुण्यांच्या पंगतीनंतर ओटीवर, वाडीत सुपाऱ्या सोलायला बसताना, सर्वत्र ती खालीच असते. तिच्यावर बसतात, झोपतात, मुततात, आणि नवरात्र आटोपले की तिला कडकडीत ऊन देतात. मराठी कवितेने घाटावरची थंडी आमच्या किनाऱ्यावर आणून ठेवली याबद्दल आमची तक्रार किरकोळ आहे. मोठी तक्रार अशी की ऊब म्हटले की वस्तू संपते. तिचे कापड, तिचा दोरा, तिला लागलेल्या दुपारी कुणाला पाहाव्या लागत नाहीत.

आमच्या आईच्या गोधड्यांचे कापड कुठून आले हे पाहू लागले तर ऊबेपेक्षा कितीतरी जास्त हाती लागते. आमचे वडील मुंबईत कापडगिरणीत होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून ते सणावाराला घरी येत, आणि पिशवीतून गिरणीतल्या कापडाचे लहानमोठे तुकडे आणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील घरी आले ते कायमचे. तुकडे थांबले आणि त्यांचे सदरे आईच्या गोधड्यांत येऊ लागले. तत्पूर्वीच लुगड्यांच्या जागी पाचवारी, सुताच्या जागी टेरिकॉट आणि नायलॉन अशी पालट सुरू झाली होती. नायलॉनची गोधडी ओल शोषत नाही, घाम धरते, धुतल्यावर तिचे थर आतल्या आत सरकतात. म्हणून आई तसले कापड बाजूस टाकी आणि सुती नऊवारीसाठी शेजारीपाजारी शब्द टाकून ठेवी. विरलेल्या लुगड्याचा चांगला भाग कापून, दंड घालून ते आणखी दोन वर्षे नेसायचे. तेही विरले की त्याचे परकर-दुपटी. त्यातून उरेल ते गोधडीच्या पोटात. वस्त्राच्या आयुष्यातला हा शेवटचा आश्रम. मुंबईच्या गिरणगावावर मराठीत भरपूर आणि चांगले लेखन झाले आहे. तो संप किनाऱ्यावरच्या घरांत कापडाच्या कुठल्या थरापासून सुरू होतो हे मात्र एखाद्या ट्रंकेतली गोधडी उसवल्याशिवाय कळणार नाही.

आईचे विसरणे आमच्या लक्षात येऊ लागले ते २०१९ च्या सुमारास. सुरुवातीला भाजीत दोनदा मीठ, मग गेलेल्या माणसांची चौकशी, मग रात्री उठून वाडीत रहाटाकडे जाणे, जो रहाट मोडून काढल्याला तीस वर्षे झाली होती. डॉक्टरांनी अल्झायमर म्हटले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना या ना त्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा आमचे दुःख अपूर्व होते असा दावा करण्यात अर्थ नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, माजघरावरची कौले उडाली, आणि भिजलेली ट्रंक उपसताना तिच्यात त्या तीन गोधड्या सापडल्या. एक निम्म्याहून अधिक शिवलेली. दुसरीचे थर जुळवून कच्चे टाके घातलेले. तिसरी म्हणजे नुसती चळत: सर्वांत वर वडिलांचे धोतर, खाली घड्या. तीन मुलांना तीन, असा तिचा हिशेब होता हे सांगायला कुणी लागले नाही.

येथे आमच्यातल्या प्राध्यापकांनी पहिला अपराध केला. आईची आठवण पुरती जायच्या आत ‘ती टिपून ठेवली पाहिजे’ असे आम्ही ठरवले. गोधडी पुढ्यात पसरायची, फोनवर ध्वनिमुद्रण लावायचे आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायचे, हा कुणाचा? एका हिरव्या, पिवळ्या ठिपक्यांच्या तुकड्याची आईने तीन आठवड्यांत तीन कुळे सांगितली. एकदा तो तिच्या बहिणीच्या लग्नातल्या पातळाचा होता. एकदा चौलच्या दत्ताच्या जत्रेत घेतलेल्या कापडाचा. एकदा तिच्या आईचा. तिसऱ्या खेपेस आम्ही तिला म्हणालो, “आई, हा आजीचा कसा असेल? हे टेरिकॉट आहे. आजी गेली तेव्हा टेरिकॉट आपल्याकडे आलेच नव्हते.” अंतर्गत पुराव्यावरून कालनिश्चिती करण्याची ही पद्धत आम्ही वर्गात शिकवतो. आमचा निष्कर्ष बिनचूक होता. आई तुकड्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “असेल बाबा तुमचं खरं,” आणि त्या तुकड्याविषयी पुन्हा कधीही बोलली नाही. ध्वनिमुद्रणात तिच्या या वाक्यानंतर पाऊण मिनिट नुसता पंखा ऐकू येतो.

महानुभावांना हे आमच्यापेक्षा चांगले समजत होते. ‘लीळाचरित्र’ ज्या अवस्थेतून आपल्यापर्यंत आले ती अवस्था विद्यार्थ्यांना आपण एका वाक्यात सांगून टाकतो आणि व्याकरणविशेषांकडे वळतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा केल्या. पुढे सुलतानी फौजांच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना जे आठवत होते त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसेचा पाठ त्यांपैकी एक. या दुसऱ्या उभारणीत आठवणी जुळेनात तेव्हा त्या लोकांनी काय केले? एक आठवण खरी ठरवून बाकीच्या खोडल्या नाहीत. कुणाला कसे आठवते ते त्याच्या नावासह नोंदवले, आणि अशा भेदाला ‘वासना’ असा शब्द योजला. ज्या पंथाला आपल्या परमेश्वराचे शब्द अक्षरशः प्रमाण होते त्या पंथाने हे केले. आणि आम्ही, ज्यांचे एका हिरव्या तुकड्यावर काहीही अवलंबून नव्हते, आईकडून एकच पाठ वसूल करायला बसलो होतो. तिच्या तिन्ही सांगण्यांत बहीण, जत्रा आणि आई ही तिच्या आयुष्यातली तीन सुखे होती. टेरिकॉटचा मुद्दा काढून आम्ही नेमके काय मिळवले?

संग्रहाच्या या हावेला साहित्यक्षेत्रात प्रतिष्ठा आहे. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या आक्षीला शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे; तो बरीच वर्षे रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित होता. अभ्याससहलींना येणारे सहकारी आणि विद्यार्थी तो पाहून आमच्याकडे चहाला येतात. मराठीचा आद्य लेख आणि त्याची हेळसांड यावर ओटीवर तावातावाने चर्चा होते. ही चर्चा ज्या गोधडीवर बसून होते तिच्याकडे आजतागायत एकाचीही नजर गेल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्हीही कधी दाखवली नाही, हे कबूल.

आता दुसरा अपराध. हा अधिक गंभीर आहे. पहिली गोधडी पुरी करायला आम्ही आईला बसवले. सुईच्या नेढ्यात दोरा ओवणे तिला जमत नसे, ओवला तर गाठ मारायची राहून जाई. म्हणून घरी राहणारे भावंड सकाळी दहा सुया ओवून, गाठी मारून एका उशीला टोचून ठेवी आणि संध्याकाळी दहाच्या दहा मोजून परत घेई. एवढी सोय झाली की आई शिवू लागे, आणि बोटावर अंगुस्तान चढवले की तासतासभर मान वर करीत नसे. मात्र टाके पूर्वीसारखे पडत नव्हते. तिचा जुना धावदोरा तांदळाच्या दाण्यांसारखा एकसारखा असे. आता टाके लांबत, ओळ तिरकी जाई, कधी शिवलेल्या ओळीवरूनच ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शिवत जाई आणि तेवढे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होई. आम्हाला ते बघवेना. आई झोपली की आम्ही तिचे दिवसाचे टाके उसवत असू आणि, जमतील तितके तिच्या जुन्या वळणाचे, नवे टाके घालून ठेवत असू. तीन रात्री हे चालले. ग्रीक महाकाव्यातली पेनेलोपी रात्री विणकाम उसवते ते तिचे स्वतःचे असते. आम्ही दुसऱ्याचे उसवत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी आईने गोधडी मांडीवर घेतली, ओळीवरून अंगठा फिरवला आणि थांबली. “हे टाके माझे नाहीत. कुणाला बसवलंत शिवायला? पैसे किती घेतले तिनं?”

त्या दिवसांत ती आमच्यातल्या एकाला आपला भाऊ समजे आणि दुसऱ्यास ‘तुम्ही कुठून आलात’ असे विचारी. आम्हाला न ओळखणाऱ्या त्या अंगठ्याने आमचा टाका मात्र ओळखला होता. पुढे आठ दिवस तिने सुईला हात लावला नाही.

वैद्यकशास्त्राला यात आश्चर्य वाटणार नाही. १९५३ साली मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गमावलेल्या हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला वळला. आपण हे पूर्वी केले आहे हे मात्र त्याला दर वेळी नव्याने सांगावे लागे. प्रसंगांची आठवण आणि हाताची आठवण मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो, हे त्यातून पुढे आले. पण ‘हात विसरत नाहीत’ असे एखादे गोंडस वाक्य करून कुणी ते कवितेत घालणार असेल तर त्याला अडवले पाहिजे, कारण ते खोटे आहे. हातही विसरतात, सावकाश विसरतात इतकेच. २०२३ च्या पावसाळ्यात एका दुपारी आईने गोधडी स्वतःच्या नेसत्या पातळाला शिवून टाकली आणि उठता येईना तेव्हा हाका मारल्या. आम्ही हसलो, तीही हसली, आणि मग उसवताना तिघांपैकी कुणी कुणाकडे पाहिले नाही.

आमचे उसवणे हे केवळ घरगुती दुष्कृत्य नव्हते. ‘शुद्ध प्रत’ तयार करण्याची जी सवय आम्हाला आहे तिचाच तो आविष्कार होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली हे आपण कृतज्ञतेने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शुद्ध करताना काय काय गेले हा प्रश्न राजवाड्यांना पडला, एकनाथपूर्व मानलेली प्रत त्यांनी छापली, आणि त्या प्रतीविषयीचा वाद आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर आमच्या अधिक जवळचे. अक्षरओळख नसलेल्या आईच्या ओव्या मुलाने कागदावर उतरवल्या. ती गेल्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले आणि मराठी कवितेचा एक कोपरा कायमचा उजळला. सोपानदेवांचे हे ऋण फिटणारे नाही. तरीदेखील लेवा बोलीतला उच्चार कागदावर येताना त्याचे काय झाले, लिहिणाऱ्या कवीचा हात त्यात कुठे आहे, हे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. आपल्याकडे तो प्रश्न विचारला की सभागृहात अस्वस्थता पसरते. आईने केले आणि मुलाने पुरे केले या गोष्टीत शिवणीची जागा दाखवणे आपल्याला अभद्र वाटते.

आम्ही ती जागा दाखवायचे ठरवले. दुसऱ्या गोधडीसाठी आईच्या सुयांत लाल दोरा ओवला. फिक्या कापडावर तो तिला नीट दिसे हेही एक कारण होते. आमच्या सुयांत निळा. तिचा एकही टाका उसवायचा नाही. जिथे थर सुटून राहतील, किनार उघडी पडेल, तिथेच आणि तेवढाच निळा दोरा घालायचा. ही गोधडी पुरी झाली तेव्हा ती पाहून आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांना धक्का बसला. त्यांच्या मते आम्ही आईचे दुखणे चारचौघांत मांडले होते. आणि खरेच, ते त्या गोधडीवर स्पष्ट वाचता येते: एका काठाशी घट्ट, मग सैल, मग भरकटलेल्या, मध्येच एके ठिकाणी वीस-वीसदा गिरवलेल्या लाल ओळी. डॉक्टरांच्या फायलीत नसलेला वर्षांचा आलेख तिथे आहे. तो झाकला असता तर कुणाची अब्रू राखली गेली असती? आईची की आमची?

विसरणाऱ्या माणसाला मराठीत जागाच नाही असे आम्ही म्हणणार नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) आम्ही आईच्या आजारात पुन्हा पाहिला आणि हत्तीमागे निघून गेलेल्या त्या म्हाताऱ्याला विनाअट सांभाळणाऱ्या माहुताच्या बायकोने आम्हाला शरमिंदे केले. तथापि त्यातला विसरणारा माणूस संस्कृतचा पंडित आहे, हे आम्हाला नजरेआड करता येत नाही. आपल्या कल्पनेत स्मृतीचा नाश शोकांत व्हायचा तर आधी ती स्मृती ग्रंथांनी भरलेली असावी लागते. ज्या बाईच्या डोक्यात किती थराला किती दोरा, कोणते सूत विटते, कुठल्या घरात कोणते लुगडे विरत आले आहे, एवढेच होते तिच्या विस्मरणावर शोकांतिका कुणी लिहावी? लिहिलीच तर तिला आधी आई करावे लागते. नुसती कारागीर म्हणून ती पुरत नाही. पूर्व बंगालच्या जसीमउद्दीन यांनी १९२९ साली एका दीर्घ काव्याच्या केंद्रस्थानी गावातल्या स्त्रीची कांथा ठेवली. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर गेल्या, आणि समीक्षकांना त्यांच्याविषयी आकृती, रेषा, रंगसंगती या भाषेत बोलावे लागले. आमच्या किनाऱ्यावर मात्र गोधडीला दोनच जागा मिळाल्या आहेत: एक मायेच्या कवितेत, दुसरी पर्यटकांच्या खोलीतल्या पलंगाच्या पायथ्याशी, शोभेची पट्टी म्हणून. दोन्ही ठिकाणी शिवणारीचे नाव नसते.

आमच्यावर एक आक्षेप घेण्यात आला आणि तो वजनदार आहे. एक सहकारी म्हणाले, तुम्ही ‘ऊब’ हाकलून ‘संहिता’ आणलीत; कापड पुन्हा रूपकाच्या ओझ्याखालीच राहिले. मान्य. आमच्या हातात शिक्षकी हत्यारे आहेत आणि आम्ही तीच चालवणार. पण रूपकारूपकांत फरक असतो. ‘ऊब’ वाचणाऱ्याकडून काहीच मागत नाही. संपादकाची भूमिका घेतली की आपण कुठे हात घातला ते दाखवावे लागते. दुसरा आक्षेप आमच्याच तिसऱ्या भावंडाचा. निळ्या दोऱ्याचे आईला काय होते? काहीही नव्हते. तिने तो पाहिला, ‘छान दिसतो’ म्हणाली आणि लगेच विसरली. तो दोरा तिच्याकरिता नव्हताच. रात्री तिचे टाके उसवणाऱ्या माणसांवर पहारा बसवण्याकरिता तो होता, आणि अशा माणसांना पहाऱ्याची गरज असते हे त्या तीन रात्रींनी सिद्ध केले आहे. पहिली गोधडी आज दिसायला तिघींत सर्वांत सुबक आहे. तिच्यातले कोणते टाके आईचे आणि कोणते आमचे हे आता आम्हालाही सांगता येत नाही. ते ज्या अंगठ्याला सांगता येत होते त्यालाही आता येत नाही.

तिसऱ्याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. ती चळत ट्रंकेत तशीच आहे. गेल्या वर्षी नवरात्रानंतर अंथरुणांना ऊन दिले तेव्हा तीही खळ्यात काढून पसरली. आईला खुर्चीवर बाहेर आणून बसवले होते. तिने वरचे धोतर मांडीवर ओढले, झटकले, काठाला काठ जुळवून त्याची घडी केली, उलगडले, पुन्हा केली. सुई मागितली नाही. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, थर जुळवून सगळे निळ्या दोऱ्याने शिवावे आणि खाली अंथरायला काढावे. गोधडी वापरायची वस्तू आहे असे आपणच लिहितो. दुसऱ्याचे म्हणणे, हिच्यात आईचा एकही टाका नाही, तेव्हा ही शिवली तर ती आपली गोधडी होईल, आईची नव्हे, आणि मग निळा दोरा तरी कशाला? घरी राहणारे भावंड म्हणते की ट्रंकेला वाळवीचा वास येऊ लागला आहे, काय ते आगोटीच्या आत ठरवा.